वरचं शेत, खालची पाणचक्की

वरचं शेत, लेस्नो
१३ नोव्हेंबर १९९६

कोरीन,

हाकेच्या अंतरावरच्या घराला रजिस्टर्ड पत्र पाठवते आहे म्हणून पोस्टातली पोरगी हसली. हसू दे. ‘पत्र मिळालंच नाही’ असं म्हणायची सोय मला तुझ्याकडे ठेवायची नाही.

माझ्या दोन कालवडी बुडून मेल्या. पाकरेत आणि ब्रुनेत. पाकरेत फेब्रुवारीत विणार होती. सोमवारी उजाडताना खिडकी उघडली तर खालचं कुरण नाहीसं झालेलं, नुसतं तपकिरी पाणी. दोघी कुंपणाच्या तारेला अडकून फुगल्या होत्या. मी गुडघाभर पाण्यातून तुझ्या बंधाऱ्यापर्यंत आले. तिन्ही दारं बंद! शनिवारपासून डोंगरात पाऊस कोसळत होता, नदी फुगणार हे गावातल्या कोंबड्यांनाही कळलं होतं, आणि तू दारं खाली सोडून ठेवलीस. तुझ्या घराचं दार ठोठावलं, कुणी नाही. दारं उचलायचा लोखंडी दांडा तू घरात कुलपात ठेवतेस. मग मी काय करणार होते? दातांनी उचलणार होते?

गिरणीवाला आणि कुरणवाला यांचं या नदीवर कधीच पटलं नाही. पण जुना गिरणीवाला पाणी अडवायचा तेव्हा निदान पीठ तरी द्यायचा. तू काय देतेस? दळणाच्या जागी सोफा टाकलास, जात्याच्या दगडाचं टेबल केलंस, पीठ पडायचं तिथे पुस्तकं लावलीस. पाणी मात्र अडवतेसच. शाळेत पोरांना भूगोल शिकवतेस म्हणे. पाणी वरून खाली वाहतं एवढं तुला कोण शिकवणार?

विमा कंपनीत आणि कोर्टात तक्रार दिली आहे.

रेमोंद ओब्रे

ता.क. घटस्फोट होईपर्यंत आमचं आडनाव लावायचा तुला हक्क आहे म्हणतात. लाव. पण टपालपेटीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत कशाला? माझी बियाण्यांची पाकिटं तुझ्याकडे जातात.


पाणचक्की, लेस्नो
१६ नोव्हेंबर १९९६

मादाम ओब्रे,

‘सासूबाई’ म्हणणं तुम्हीच बंद केलंत, तिएरी मला सोडून गेला त्या आठवड्यात. तेव्हा हेच चालवून घ्या.

कालवडींचं मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पाकरेत माझ्या हातातली सफरचंदं खायची, तुम्ही बघत नसताना. आता बाकीचं ऐका.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी रुआँला गेले. माझ्या बहिणीचं ऑपरेशन होतं. सोमवारी संध्याकाळी परतले. निघताना तिन्ही दारं वर उचलली होती, कारण पाऊस येणार हे कोंबड्यांप्रमाणे मलाही कळलं होतं. दारं वर असली की माझ्या स्वयंपाकघराखालून नदी गरजत जाते, कपातली कॉफी थरथरते. दारं खाली आली की घर एकदम गप्प होतं आणि त्या शांततेने मला जाग येते. या घरात राहणाऱ्या बाईला दारं उघडी की बंद, हे आठवावं लागत नाही.

सोमवारी मी आले तेव्हा स्वयंपाकघराखालची नदी गप्प होती. दारं बंद होती, आणि चाक फिरत होतं. ते चाक मी तीन वर्षं साखळीने बांधून ठेवलंय, कारण त्याचा आस स्वयंपाकघराच्या भिंतीतून जातो आणि फिरला की भिंतीला हादरे बसतात. भिंतीची चीर आता हात जाईल एवढी झाली आहे. निम्म्या बश्या जमिनीवर होत्या. साखळी मात्र कुणीतरी छान गुंडाळून खुंटीला लावली होती.

घराच्या दाराचं कुलूप फोडलेलं नाही. म्हणजे किल्ली होती. माझी किल्ली माझ्याबरोबर रुआँला होती. दुसरी तुमच्या स्वयंपाकघरात, कॉफीच्या डब्याखाली असते.

आता कोर्टात कुणी जायचं ते सांगा.

कोरीन ओब्रे (लहान अक्षरांत)


वरचं शेत
२१ नोव्हेंबर १९९६

कोरीन,

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. ती किल्ली केव्हाच हरवली. कॉफीचा डबासुद्धा मी बदलला.

माझ्या वयाची बाई तुझ्या घरात शिरून, साखळी सोडून, ओकाची ती जड दारं खाली करते आणि आपल्याच कालवडी बुडवते! असं एखाद्या पोराने निबंधात लिहिलं तर पास करशील का?

बहिणीचं ऑपरेशन वगैरे तू कोर्टाला सांग. मला एवढंच माहीत आहे की रविवारी दुपारी तुझं चाक फिरत होतं. मी माझ्या कानांनी ऐकलं. बदक नुकतंच खाऊन झालं होतं, मी ताटं उचलत होते, तेवढ्यात तो आवाज सुरू झाला. धडाड धडाड. तीन वर्षांत पहिल्यांदा. म्हणजे तू घरीच होतीस आणि शहरातल्या कुणाला तरी गंमत दाखवत होतीस. गंमत संपल्यावर दारं उचलायची आठवण राहिली नाही. शहरातल्या माणसांचं असंच. नळ बंद केला की पाणी संपलं.

हेच मी कोर्टालाही लिहिलं आहे.

रे. ओब्रे


पाणचक्की
२३ नोव्हेंबर १९९६

मादाम ओब्रे,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा भूगोलाच्या शिक्षिकेसारखं.

रविवारी दुपारी मी रुआँच्या हॉस्पिटलात होते. बहीण शुद्धीवर येत होती आणि नर्सबाई माझ्यावर ओरडत होत्या. साक्षीदार हवे तेवढे आहेत. तेव्हा चाक मी फिरवलं नाही. पण तुम्ही ते ऐकलंत, आणि उठून आला नाहीत!

मी खिडकीला लाल पडदे लावले तेव्हा तुम्ही त्याच संध्याकाळी काठी घेऊन आला होतात. माझं मांजर तुमच्या खुराड्यापाशी दिसलं तेव्हा पाऊस असून आलात. आणि तीन वर्षांनी चाक फिरतंय, डोंगरात पाऊस आहे, कालवडी कुरणात आहेत, तरी तुम्ही ताटं उचलत बसलात? चाक कोण फिरवतंय हे तुम्हाला माहीत होतं म्हणून बसलात.

आणि ताटं? तुम्ही एकट्या. एकट्या बाईचं एक ताट असतं.

आणि बदक! या घरात मी सोळा वर्षं सून होते. तुम्ही स्वतःसाठी अंडं उकडता. पाहुणा आला तर ससा करता. बदक, शलगम घालून, तुम्ही जगात एकाच माणसासाठी करता.

तिएरी आला होता.

कोरीन


वरचं शेत
१४ डिसेंबर १९९६

कोरीन,

माझा मुलगा माझ्या घरी केव्हा येतो आणि काय खातो, याची वार्ता तुला द्यायला मी बांधलेली नाही. हो, आला होता. आईला भेटायला आला. त्यात काय गुन्हा?

जेवण झाल्यावर जरा पाय मोकळे करून येतो म्हणाला. तासाभराने परत आला, कॉफी घेतली, नांतला गेला. बंधाऱ्याकडे गेला होता की आणखी कुठे, ते मी विचारलं नाही. कर्त्या मुलाला आई असं विचारत नाही. तू मात्र विचारायचीस, म्हणून तर गेला. कुठे होतास, कुणाबरोबर होतास, उशीर का झाला. माणूस हळवा आहे तो. तुझ्या तोंडापुढे टिकला नाही.

आणि आता ऐकच. तो परत येतोय. वसंतात. तुझ्याकडे नाही, माझ्याकडे. ती पाणचक्की एकदा विकली की हातात भांडवल येईल, गोठा नवा बांधू, आपण दोघं मिळून गुरं वाढवू, असं मला माझ्या टेबलाशी बसून म्हणाला. माझा हात हातात घेऊन म्हणाला. त्याच्या वडिलांनी कधी घेतला नव्हता.

तेव्हा तू सामान बांधायला लाग. सोफा जड आहे.

रे. ओब्रे


पाणचक्की
१८ डिसेंबर १९९६

मादाम ओब्रे,

इतके दिवस पाणी कुठेतरी मुरतंय एवढंच कळत होतं. आता जागा सापडली.

काल तिएरीच्या वकिलाचा अर्ज आला. पाणचक्की आम्हा दोघांच्या नावावर आहे आणि मी विकायला नाही म्हणते. म्हणून त्याने कोर्टाला विनंती केली आहे की जबरदस्तीने विकून द्या, कारण मला बंधारा सांभाळता येत नाही, मी शेजाऱ्यांच्या जिवाला धोका आहे. पुरावा काय, तर तुमची तक्रार. तुमची सही आणि तुमच्या दोन मेलेल्या कालवडी त्याच्या अर्जाला टाचल्या आहेत.

त्या रविवारी काय झालं ते मी गावात विचारून घेतलं. तीन माणसांनी नांतची एक गाडी माझ्या दारात पाहिली, आणि मोठा कॅमेरा घेतलेला एक जण पाहिला. घर विकणाऱ्या दलालाचा माणूस. दारं उघडी असली की बंधाऱ्यामागे नुसता चिखल आणि दगड दिसतात. बंद केली की तळं भरतं, आभाळाचं प्रतिबिंब पडतं, चाक फिरतं. फोटो सुंदर येतो. फोटो काढले, निघून गेले. तुमची किल्ली तिएरीने तुमच्या ‘नव्या’ डब्याखाली परत ठेवली असेल. बघा.

तुमच्या कालवडी मारायच्या असं त्याच्या मनात नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्याच्या मनात त्या नव्हत्याच. तो पोहण्याचे तलाव विकतो. पाणी ठेवू तिथे राहतं, असं त्याला खरंच वाटतं.

सहा फेब्रुवारीला कोर्टाचा तज्ज्ञ बंधारा बघायला येणार आहे. तुम्हालाही बोलावलं आहे. तुम्हाला जे माहीत आहे तेवढंच सांगा. जास्त काही मागत नाही.

कोरीन


वरचं शेत
२१ डिसेंबर १९९६

मी आई आहे. ते काय असतं हे तुला कळायचं नाही.

नाताळच्या शुभेच्छा देत नाही.

रे. ओ.


वरचं शेत
९ जानेवारी १९९७

कोरीन,

तुला लाज नाही, हे मला माहीत होतं. पण इतकी नाही?

काल दुपारी मी कुरणात तार ओढत होते. बघते तर एक जोडपं माझ्या फाटकातून सरळ आत. पॅरिसची माणसं. त्याच्या पायात कधी चिखल न पाहिलेले रबरी बूट, तिच्या गळ्यात दुर्बीण. पावलं टाकत जागा मोजत होते. मी म्हटलं, “काय हवंय?” तर ती बाई गोड हसून म्हणते, “अय्या, तुम्ही इथे कामाला असता का?”

मी म्हटलं, “मी इथे राहते. पन्नास वर्षं.”

“हो का? म्हणजे तुम्हीच त्या आजी!” असं म्हणून तिने माझा हात धरला. हातमोजे न काढता. “आम्हाला सांगितलंय तुमच्याबद्दल. तुम्ही अजिबात घाई करू नका हं. आम्ही घोडे उन्हाळ्यानंतरच आणणार आहोत. तोवर तुमची तिकडची खोली तयार होईलच ना?”

“कुठली खोली?”

तेव्हा नवऱ्याने तिला कोपराने ढोसलं. मला म्हणतो, “गोठा पाडणार नाही आम्ही, काळजी करू नका. त्यात मातीची भांडी करायची खोली काढू.” माझ्या गोठ्यात! भांडी!

मी कुत्रा सोडला. ते पळाले. तिची दुर्बीण माझ्या फाटकावर टांगली आहे, येऊन घेऊन जा आणि त्यांना दे. कारण त्यांना तूच पाठवलंस. मला घाबरवायला, मी तज्ज्ञापुढे बोलावं म्हणून. नाटकवाली माणसं आणलीस का कुठून? चांगली होती. बूट फारच नवे होते, तेवढं चुकलं.

रे. ओब्रे


पाणचक्की
११ जानेवारी १९९७

मादाम ओब्रे,

मी कुणालाही पाठवलं नाही. ती दोघं आधी माझ्याकडे आली होती. माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून भिंतीची चीर बघत “किती जिवंत वाटतं घर” म्हणाली. मी त्यांना हाकललं. कुत्रा नव्हता म्हणून शब्द वापरले.

पाणचक्कीला जमीन नाही. एक पट्टी भाजीची आणि चार झाडं, एवढीच. तिथे घोडे उभे राहणार नाहीत. घोडे कुरणात राहतात. तुमचे यजमान वारले तेव्हा कुरण आणि गोठा कुणाच्या नावावर झाले, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही जिवंत असेपर्यंत तिथून तुम्हाला कुणी उठवू शकत नाही. पण तुम्ही आपणहून उठलात तर?

मी पुढे काही बोलत नाही. बोलले तर सून बोलली असं होईल. तिएरीलाच विचारा. आणि फोनवर विचाराल तर उत्तराआधी तो किती वेळ थांबतो, तेवढं ऐका. मी सोळा वर्षं ते ऐकलंय.

कोरीन


पाणचक्की
८ फेब्रुवारी १९९७

मादाम ओब्रे,

परवा तज्ज्ञ गेल्यावर तुम्ही लगेच वळून निघून गेलात, म्हणून लिहावं लागतंय.

महिनाभर तुमचं पत्र नाही, तेव्हा मी धरून चालले होते की तुम्ही माझ्याविरुद्ध बोलणार. बंधाऱ्यावर आलात त्या चर्चच्या काळ्या कोटात. मी मनात म्हटलं, झालं, माझ्या अंत्यविधीला आल्या. तिएरीचा वकील तुम्हाला छत्री धरायला धावला. तुम्ही ती त्याच्या हातातून घेतलीत, मिटलीत आणि त्यालाच परत दिलीत.

तज्ज्ञाने विचारलं, “मादाम, आपल्या तक्रारीत आपण लिहिलंय की दारं आपल्या सुनेने बंद केली. आपण पाहिलंत?”

तुम्ही म्हणालात, “नाही पाहिलं. ही नव्हतीच. दारं माझ्या मुलाने बंद केली. माझ्या घरी बदक खाल्लं, माझी किल्ली घेतली, आणि जाऊन बंद केली. मी खिडकीतून त्याची पाठ बघितली. त्याचा बाप चालायचा तसाच चालतो.”

वकील म्हणाला, “मादाम दमल्या आहेत, त्यांचं वय...”

त्यावर तुम्ही त्याला जे म्हणालात ते तज्ज्ञाने लिहून घेतलं नाही, पण त्याला हसू आवरेना.

तुमच्या तोंडून माझ्या बाजूचं एक वाक्य ऐकायला मला एकोणीस वर्षं लागली. आभार मानते. मानायला जड जातंय, पण मानते.

कोरीन


वरचं शेत
१३ फेब्रुवारी १९९७

कोरीन,

तुझे आभार तुझ्याकडेच ठेव. मी तुझ्यासाठी बोलले नाही. तू अजूनही मला आवडत नाहीस. तुझे पडदे अजूनही लाल आहेत.

तुझं ते जानेवारीतलं पत्र आलं त्यानंतरच्या रविवारी मी त्याला फोन केला. गोठ्याचं पत्र्याचं छप्पर कुठून आणायचं, असं उगाच विचारलं. “बघू गं आई,” म्हणाला. मग म्हटलं, “आणि ते घोडे?”

थांबला. तू म्हणालीस तसाच. मी त्याची आई, मला ते थांबणं कधी ऐकू आलं नव्हतं. किंवा आलं होतं, आणि मी त्यावर बोलत सुटायचे.

मग म्हणाला, “आई, किती दिवस एकटी राहणार तू तिथे? पडलीस तर कुणाला कळणारसुद्धा नाही. फ्लेरला एक छान जागा आहे म्हाताऱ्या माणसांची. मी बोलून ठेवलंय. तुझ्या खोलीतून नदी दिसेल.”

मी म्हटलं, “नदी मला आत्ताही दिसते.”

“तेच तर. तुला सवयीचं वाटेल.”

“आणि तू? तू येणार होतास ना वसंतात?”

“येईन ना. भेटायला येत जाईन.”

मग मी विचारलं, दारं परत का उचलली नाहीस? तर म्हणतो, “अगं, मला वाटलं कोरीन येऊन उचलेल. तीच उचलते ना नेहमी?” मी म्हटलं, पाकरेत पोटुशी होती. तो म्हणाला, “कोण पाकरेत?”

दूध पाजायच्या बाटलीने त्यानेच तिला वाढवलं होतं, तुमच्या दोघांच्या शेवटच्या उन्हाळ्यात. कोण पाकरेत!

बंधाऱ्यावर मी ते सगळं आठवून बोलले. तुझा विचारही केला नाही. काल त्याचा फोन आला. वकिलाने सांगितलं असणार. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला, “तू तिची बाजू घेतलीस. आता तिलाच सांभाळायला सांग. मला फोन करू नकोस.” ठेवून दिला.

आता तूच बघ. तुझं घर राहील. माझा मुलगा गेला. तुझ्या त्या वर्गातल्या नकाशावर हे कुठे दाखवतात?

रेमोंद ओब्रे


पाणचक्की
२२ फेब्रुवारी १९९७

मादाम ओब्रे,

कोर्टाने विक्रीचा अर्ज फेटाळला. तुमची तक्रारही निकालात निघाली. पत्र तुम्हालाही आलं असेल, पण माझ्या पेटीत पडलं असेल तर फाटकावर लावून ठेवते.

सांत्वन करणार नाही. मला येत नाही, आणि तुम्हाला चालणार नाही. एवढंच सांगते, कारण मी त्याच वाटेने तुमच्या तीन वर्षं पुढे आहे. फोनची घंटा वाजली की धावायचं थांबतं, पण उशिरा थांबतं. त्याची पत्रं जाळू नका, आणि वाचूही नका. सगळ्यात वाईट असते ती रविवारची दुपार. इतर दिवशी काम असतं. रविवारी दोन वाजता घरभर नुसत्या खुर्च्यांच्या पाठी दिसतात.

तेव्हा येत्या रविवारी माझ्याकडे जेवायला या. मी बोलणार नाही. बदक नसेल. मला जमतही नाही. खाली पाणी इतकं गरजतंय की बोललो तरी ऐकू यायचं नाही.

कोरीन


वरचं शेत
४ मार्च १९९७

कोरीन,

रविवारी आले नाही. येणारही नाही. तुझ्या टेबलाशी आपण दोघी बसलो की तिसऱ्या खुर्चीवर तो बसेल, आणि दोघी तिकडेच बघत बसू. शिवाय तू जात्याच्या दगडावर जेवतेस. दगडावर पीठ दळायचं असतं.

पण ऐक. शुक्रवारच्या वादळात माझ्या काठावरचं आल्डरचं मोठं झाड मुळासकट पडलं. शेंडा तुझ्या पाटात आहे आणि बुंधा माझ्या कुरणात. तुला दिसलं असेलच, तू काही आंधळी नाहीस. त्यात कचरा अडकायला लागला आहे. आणखी एक पाऊस पडला की पाणी तुझ्या स्वयंपाकघरात येईल आणि माझ्या कुरणातही. विहिरीवाला गास्तों यंत्राची करवत घेऊन येतो म्हणाला. मी नको म्हटलं. तो काम कमी करतो आणि चौकशा जास्त.

माझ्याकडे दोन मुठींची लांब करवत आहे. मी तिला धार लावली आहे. एकटीने चालत नाही ती. एका अंगाला तू, एका अंगाला मी. खोडाच्या तुझ्या बाजूला तू उभी राहा, माझ्या बाजूला मी. एकेकीने आपापल्या वेळी फक्त ओढायचं. ढकलायचं अजिबात नाही. ढकललं की पातं वाकतं. तिएरी नेहमी ढकलायचा.

रविवारी दोन वाजता ये. जुने कपडे घाल. तो लाल स्कार्फ नको, अडकेल. पाव आणि खिमा मी आणते. उभ्यानेच खाऊ.

खोड जाड आहे. एका रविवारात होणार नाही.

रेमोंद